‘अल्टो’ हे माप नाही: जुन्या सॅक्सोफोनला बसणारी केस कशी शोधायची

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्याकडे आमच्या पोंभुर्ण्यासारखं नेटवर्क आहे, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय. मापं मात्र सगळी लिहून दिली आहेत, कारण ऐकलेली मापं लक्षात राहत नाहीत.

आजचा विषय केस. डोक्यावरचे नाहीत आणि कोर्टातलीही नाही. वाद्य ठेवायची केस. पेटी म्हणालो असतो, पण पेटी म्हटलं की लोकांना हार्मोनियम दिसते. तर केस. तीही जुन्या, म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाच्या सॅक्सोफोनची.

तुम्ही म्हणाल, सॅक्सोफोन किती जणांकडे असतो? खरं आहे. पण घरात आजीची जुनी शिलाई मशीन असेल, वडिलांचा फिल्मचा कॅमेरा असेल, काकांची सतार असेल, तर यातलं बरंच तुमच्याही कामाचं आहे. जुनी, नाजूक, परत न मिळणारी वस्तू नवीन डब्यात कशी बसवायची, हा प्रश्न सगळ्यांचा सारखाच.

आधी माझी चूक

आमच्या आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९७२ साली नागपुरात एक जुना अल्टो सॅक्सोफोन विकत घेतला. तेव्हाच तो जुना होता. बेलवर, म्हणजे खालच्या फुलासारख्या तोंडावर, नक्षी आहे आणि खाली ‘एल्कहार्ट, इंडियाना’ असं कोरलंय. पुढे तीसेक वर्षं आबाजी बॅण्ड पार्टीत वाजवत होते. मूल, गोंडपिपरी, बल्लारपूर, पार गडचिरोलीपर्यंत लग्नं केली. मग डीजे आला आणि बॅण्ड बसला. सॅक्स माळ्यावर गेला, सागवानी पेटीत. ती पेटी गावातल्या सुताराने करून दिली होती.

मागच्या वर्षी घरात माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. आबाजी आता एकोणऐंशीचे. ते स्वतःहून म्हणाले, “एक गाणं वाजवीन म्हणतो.” माळ्यावरून पेटी काढली, तर तळ उधईने खाल्लेला. उचलली आणि खालची फळी हातात आली. सॅक्स वाचला, पण पॅड सगळे कडक झालेले. नागपूरला नेऊन दुरुस्त करायचा, तर न्यायचा कशात?

मी इंजिनिअर माणूस. मोबाईलवर ‘अल्टो सॅक्सोफोन हार्ड केस’ टाइप केलं, चांगले रिव्ह्यू पाहिले, ऑर्डर केली. चार दिवसांत केस दारात. सॅक्स आत ठेवला, झाकण लावलं. शेवटचा एक सेंटीमीटर काही लागेना. वाटलं, नवीन मखमल आहे, घट्ट असेल. गुडघा ठेवला, दाबलं, खटका बसला.

नागपूरच्या दुरुस्तीवाल्या दादांनी केस उघडली. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, “हे आधीचं आहे, की आत्ताचं?” बेलच्या बाजूचं एक संरक्षक कडं आत दबलं होतं आणि त्याखालची की, म्हणजे भोक झाकणारं झाकण, तिरपी झाली होती. पन्नास वर्षं बॅण्डमध्ये, बैलगाडीत, मेटॅडोरच्या टपावर फिरून जे झालं नव्हतं, ते माझ्या गुडघ्याने केलं.

केसवर ‘अल्टो’ लिहिलं होतं, सॅक्सही अल्टोच होता. विकणाऱ्याची काहीच चूक नव्हती. चूक माझी, कारण ‘अल्टो’ हे माप आहे असं मी धरून चाललो.

‘अल्टो’ म्हणजे नक्की काय?

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. अ‍ॅडॉल्फ सॅक्स हा बेल्जियममधल्या दिनां गावचा माणूस. जन्म १८१४. त्याने हे वाद्य बनवलं आणि १८४६ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं पेटंट घेतलं. एकच वाद्य नाही, लहानापासून मोठ्यापर्यंत अख्खं कुटुंब. त्यातले आज जास्त दिसतात ते चार: सोप्रानो, अल्टो, टेनर, बॅरिटोन.

ही सगळी नावं आवाजाच्या पट्टीची आहेत. अल्टो म्हणजे अमुक सुरात लावलेलं वाद्य. त्यामुळे आतल्या नळीची लांबी सगळ्या अल्टोंची जवळपास सारखी येते. पण नळी किती जवळ वळवायची, बेल किती पसरट ठेवायची, कीज कोणत्या बाजूला बसवायच्या, हे प्रत्येक कारखान्याने आपापल्या डोक्याने ठरवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर आवाजाचं स्पेसिफिकेशन एकच होतं, बाहेरच्या आकाराचं नव्हतं.

सगळ्यात मोठा फरक बेलवरच्या कीजचा. सॅक्सचे सगळ्यात खालचे दोन सूर बेलवरच्या दोन मोठ्या भोकांतून नियंत्रित होतात. ही भोकं झाकणाऱ्या कीज जुन्या वाद्यांत बहुधा बेलच्या डाव्या बाजूला असायच्या. काहींमध्ये एक डावीकडे, एक उजवीकडे. मग १९३०च्या दशकाच्या मध्यात पॅरिसच्या सेल्मर कंपनीने ‘बॅलन्स्ड अ‍ॅक्शन’ नावाचं मॉडेल आणलं आणि दोन्ही कीज उजवीकडे नेल्या. १९५४ मध्ये त्यांचाच ‘मार्क सिक्स’ आला, तो जगभर गाजला. हळूहळू बाकीच्यांनी तीच मांडणी उचलली. आज दुकानात मिळणारा जवळपास प्रत्येक सॅक्स उजव्या मांडणीचा आहे.

आणि आजची प्रत्येक साचेबंद केससुद्धा.

आबाजींच्या सॅक्सवर या कीज डावीकडे आहेत. नव्या केसमध्ये उजवीकडे खड्डा कोरलेला, डावीकडे सपाट गादी. म्हणजे ज्या ठिकाणी मोकळी जागा हवी, तिथेच आधार. झाकण लागत नव्हतं ते यामुळे. केस मला सांगत होती, मी ऐकलं नाही.

अजून एक गंमत. १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘सी मेलडी’ नावाचा सॅक्स खूप खपला. अल्टोपेक्षा मोठा, टेनरपेक्षा लहान. पुढे त्याचं चलन गेलं. असं वाद्य तुमच्या हाती लागलं, तर अल्टोच्या केसमध्ये ते मावणार नाही आणि टेनरच्या केसमध्ये हलत राहील. जुन्या बाजारात ‘छोटा टेनर’ म्हणून काही दिसलं, तर आधी हा संशय घ्या.

एल्कहार्टचा सॅक्स पोंभुर्ण्यात कसा?

हा प्रश्न मला खूप जणांनी विचारला. एल्कहार्ट हे अमेरिकेतलं बॅण्डच्या वाद्यांचं मोठं केंद्र. कॉन आणि ब्यूशर हे दोन्ही नावाजलेले कारखाने तिथलेच. तिथली वाद्यं जगभर गेली.

आपल्याकडे सॅक्स पोचला तो लष्करी बॅण्ड, इंग्रजांचे क्लब आणि मोठी हॉटेलं यांच्यामार्फत. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी या अमेरिकी कलाकाराचा जॅझ बॅण्ड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला होता. त्यानंतर मिकी कोरिया यांच्या बॅण्डने १९३९ पासून जवळपास दोन दशकं ताज गाजवलं. गोव्याचे कितीतरी वादक दिवसा फिल्म स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवायचे. मनोहारी सिंग कोलकात्याहून मुंबईला आले आणि हिंदी सिनेमातला सॅक्सचा आवाज म्हणजे मनोहारीदा असं समीकरणच झालं. १९६९ च्या ‘आराधना’तलं ‘रूप तेरा मस्ताना’ आठवा, त्यातला सॅक्स त्यांचाच. तिकडे कर्नाटकात कद्री गोपालनाथ यांनी याच वाद्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करून त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं. त्यांना २००४ मध्ये पद्मश्री मिळाली.

वादक म्हातारा झाला, पैशाची अडचण आली, की वाद्य विकलं जातं. मुंबईहून नागपूर, नागपूरहून पोंभुर्णा. आबाजींना हा नक्की कुणाचा होता ते माहीत नाही. पण अशी वाद्यं विदर्भातल्या बॅण्डवाल्यांच्या घरात अजून माळ्यांवर आहेत. म्हणून हा भाग.

केस नेमकं काय काम करते?

बाहेरून कडक असली की झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. एक साधा हिशेब करू.

केस हातातून एक मीटर उंचीवरून पडली. जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी साधारण १६ किलोमीटर असतो. केस जमिनीला लागून थांबते, पण आतला सॅक्स थांबलेला नाही. तो त्याच वेगाने पुढे जातोय. त्याला कुणीतरी थांबवायचंय.

आतली गादी दबत दबत ३ सेंटीमीटरमध्ये त्याला थांबवत असेल, तर त्याच्यावर सरासरी झटका येतो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३३ पट. पण मध्ये मोकळी जागा असेल आणि तो कडक भिंतीवर २ मिलीमीटरमध्ये थांबला, तर झटका ५०० पट. सूत्र सोपं आहे: पडण्याची उंची भागिले थांबायचं अंतर. अल्टोचं वजन साधारण अडीच किलो धरा आणि ते पाचशे पट झालेलं डोळ्यासमोर आणा. तेही पितळेच्या पातळ पत्र्यावर.

म्हणजे केसला दोन गोष्टी जमायला हव्यात. एक, सॅक्स आत हलता कामा नये. दोन, त्याला धरून ठेवणारा आधार योग्य जागी हवा. माझ्या केसमध्ये पहिली गोष्ट अगदी शंभर टक्के होती. सॅक्स तसूभर हलत नव्हता! दुसरी नव्हती. घट्ट बसणं आणि नीट बसणं यातला फरक मला तिथे कळला.

दादांनी सॅक्स हातात धरून दाखवलं, कुठे भार चालतो आणि कुठे नाही.

भार चालतो: खालचा यू आकाराचा वळसा, वरच्या टोकाची नळी, बेलची मान, आणि थोडासा बेलचा काठ.

भार अजिबात चालत नाही: कोणतीही की, कीज जोडणाऱ्या लांब दांड्या, कीजवरची संरक्षक कडी, आणि बेल व मुख्य नळी यांना जोडणारी मधली कडी. या मधल्या कडीवर जोर आला तर ती नळीलाच आत दाबते. मग नळी वाकते आणि एक नाही, दहा पॅड गळायला लागतात.

आणि एक छोटी वस्तू आहे जी सगळे हरवतात: वरच्या टोकाचं बूच. सॅक्सची मान काढल्यावर वर एक उघडं भोक राहतं आणि त्याच्या बाजूला ऑक्टेव्हची एक बारीक दांडी बाहेर डोकावते. बूच त्या दांडीपेक्षा उंच असतं. केस उभी आपटली तर भार बुचावर यावा, दांडीवर नाही, यासाठी ते असतं. आबाजींचं मूळ बूच हरवलेलं. दादांनी लाकडाचं कातून दिलं. तुमचं हरवलं असेल तर आधी ते करा, केस नंतर. कारण लांबी बुचासकट मोजायची असते.

मापं घ्यायची कशी

दादा म्हणाले, “दुरुस्ती करून ठेवतो. पण नीट केस घेऊन या, मगच न्या.” लग्नाला सात आठवडे होते. मग मी शिस्तीत मापं घेतली. तुम्हीही ही सहा घ्या.

१. लांबी: बुचाच्या टोकापासून खालच्या वळशाच्या तळापर्यंत. मान आणि माउथपीस काढून.

२. बेलचा व्यास: काठापासून काठापर्यंत. अल्टोचा साधारण १२ सेंटीमीटरच्या आसपास असतो, पण जुन्यांत फरक पडतो.

३. रुंदी: बेलच्या सगळ्यात बाहेरच्या काठापासून मुख्य नळीच्या मागच्या सगळ्यात बाहेरच्या भागापर्यंत. मागे अंगठ्याचा हूक आणि गळ्यातल्या पट्ट्याची कडी असते, तीही धरा.

४. जाडी: सॅक्स आडवा ठेवून डावीकडच्या सगळ्यात उंच भागापासून उजवीकडच्या सगळ्यात उंच भागापर्यंत. हे माप दोन ठिकाणी घ्या, बेलजवळ आणि मधोमध. आम्ही फसलो ते इथेच.

५. बेलचा काठ तळापासून किती उंचीवर येतो.

६. बेलच्या कीज कोणत्या बाजूला आहेत: डाव्या, उजव्या, की एक-एक. ही बाजू वाजवणाऱ्याच्या दृष्टीने सांगायची, समोरून पाहणाऱ्याच्या नाही.

मग एक मोठा पुठ्ठा घ्या, सॅक्स त्यावर आडवा ठेवा आणि पेन्सिल अगदी सरळ उभी धरून बाहेरची रेघ काढा. केस विकणाऱ्याला किंवा बनवणाऱ्याला पाठवायला हीच सगळ्यात उपयोगी वस्तू. उत्तरेत मेरठच्या जली कोठी भागात बॅण्डची वाद्यं बनवणाऱ्यांचा मोठा बाजार आहे. अशा कारागिराला फोनवर अर्धा तास समजावण्यापेक्षा एक रेघ पुरते.

मोबाईलने फोटो काढून काम भागवणार असाल तर एक काळजी घ्या. जवळून काढलेल्या फोटोत जवळचा भाग मोठा आणि लांबचा लहान दिसतो. त्यामुळे माप चुकतं. फोन दोन-तीन मीटर लांब ठेवा, झूम करा, आणि शेजारी टेप पसरून फ्रेममध्ये येऊ द्या. टेपही सॅक्सच्या मधल्या उंचीवर ठेवा, जमिनीवर नाही.

पर्याय कोणते?

जुनी मूळ केस: आकार एकदम बरोबर असतो. पण बिजागऱ्या, खटके, हँडल यांचा भरवसा नाही, आणि आतलं अस्तर दबून पत्र्यासारखं झालेलं असतं. उधई किंवा बुरशी असेल तर वापरू नका. पण फेकूही नका. तिच्यातला खड्ड्यांचा नकाशा पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. आमच्या सुताराने त्या काळात सॅक्स समोर ठेवून लाकूड कोरलं होतं. त्याने केलेले आधार अगदी दादांनी सांगितलेल्या जागी होते. मला लाज वाटली.

सॅक्सच्या आकाराची साचेबंद केस: दिसायला छान, वजनाला हलकी. पण ती नव्या सॅक्सच्या मापाने कोरलेली असते. तुमचं वाद्य उजव्या मांडणीचं असेल तर चालू शकते. डाव्या किंवा दुहेरी मांडणीचं असेल तर घातलेला सॅक्स पाहिल्याशिवाय घेऊ नका.

मऊ बॅग: खांद्यावर घेऊन गल्लीतून शिकवणीला जायला ठीक. गाडीच्या डिकीत, टपावर, सामानाच्या गर्दीत नाही.

आयताकृती केस, आत सुटे फोमचे तुकडे: जुन्या सॅक्ससाठी हाच सगळ्यात चांगला पर्याय. आतले तुकडे वेल्क्रोने चिकटवलेले असतात, हलवता येतात, कापता येतात. मी शेवटी हीच घेतली, आणि यावेळी ऑर्डर करायच्या आधी आतली लांबी, रुंदी, जाडी लेखी मागितली. लक्षात ठेवा, जाहिरातीत बहुधा बाहेरचं माप देतात.

बांबूची केस करायचाही विचार डोक्यात आला होता. आपल्याकडे बांबू मुबलक, चिचपल्लीला बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, कारागीर आहेत. बाहेरचं कवच म्हणून हलकं आणि मजबूत होईलच. पण प्रक्रिया न केलेल्या बांबूला भुंगा लागतो, आणि माझ्याकडे उरलेले आठवडे पाच. ते काम पुढे कधीतरी.

आतली गादी

फोममध्ये फरक असतो. गादीतला स्पंज म्हणजे पॉलियुरेथेन. तो स्वस्त आणि मऊ, पण काही वर्षांत दमट हवेने चिकट होतो किंवा भुगा होऊन गळतो. तो भुगा कीजच्या सांध्यांत जातो. थर्मोकोल एकदा दबला की परत फुगत नाही, म्हणजे पहिल्या धक्क्यानंतर तो संपला. मुलांच्या जोडाजोडीच्या चटया असतात तो ईव्हीए फोम, किंवा पॅकिंगमध्ये येणारा जाडसर पॉलिथिनचा फोम, हे दोन्ही चांगले. दबतात आणि परत येतात.

मी चार जागी आधार केले: तळाचा वळसा, वरचं टोक, बेलची मान, आणि झाकणाच्या आतून वळशावर एक. बाकी सगळीकडे मोकळं. गावातल्या शिंप्याकडून मखमलीच्या खोळी शिवून घेतल्या.

दोन सूचना. रबर सोल्यूशनने फोम चिकटवलात तर झाकण उघडं ठेवून चार-पाच दिवस वास जाऊ द्या. आणि सॅक्सवर चांदीचा मुलामा असेल तर आत रबर किंवा लोकर वापरू नका. त्यांतून निघणाऱ्या गंधकामुळे चांदी काळी पडते.

कणकेची चाचणी

आता सगळ्यात महत्त्वाचं. झाकण लागल्यावर आत काय होतंय ते दिसत नाही. मी आत मोबाईल ठेवून व्हिडिओ काढायचा प्रयत्न केला. अंधार, दुसरं काय! मी वैतागून बसलो होतो. फोटो आणि आकडे घेऊन आबाजींना समजावत होतो, केस किती मोठी, किती जाड. ते ऐकून म्हणाले, “बाबू, पेटी केवढी आहे ते नको पाहू. बाजा कुठी टेकते, ते पाय.”

तेवढ्यात स्वयंपाकघरात आई कणीक मळत होती.

कणकेचे लहान गोळे करा, लिंबाएवढे नको, बोराएवढे. प्रत्येक गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा, म्हणजे सॅक्सला चिकटणार नाही. जिथे स्पर्श नको त्या प्रत्येक जागी एक गोळा ठेवा: बेलच्या कीजवरची कडी, वरच्या हातातल्या कीज, लांब दांड्या, अंगठ्याचा हूक. झाकण हळू लावा, उघडा, आणि गोळे किती चपटे झाले ते पाहा. जिथे गोळा ५ मिलीमीटरपेक्षा पातळ झाला, तिथे जागा कमी आहे. तिथला फोम कापा, परत करा. मला सहा वेळा करावं लागलं. आबाजींचा सॅक्स दादांकडे होता, म्हणून मी कणीक डब्यात भरून नागपूरला नेली. दादा हसले, पण नंतर त्यांनीच पुढचे गोळे ठेवले.

त्यानंतर तीन चाचण्या. पहिली, दोन बोटांची: दोन बोटांनी झाकण लागलं पाहिजे. गुडघा लागला तर थांबा. दुसरी, हलवण्याची: केस आडवी, उभी, उलटी धरून हळूच हलवा आणि कान लावा. ‘ठक’ आवाज आला तर कुठेतरी मोकळं आहे. तिसरी, रात्रभराची: केस बंद करून, जशी प्रवासात उभी राहणार तशी उभी ठेवा आणि सकाळी उघडून पाहा, सॅक्स खाली सरकला का.

आणि आत सुटं काहीही ठेवू नका. माउथपीस, मान, रीडचा डबा, गळ्यातला पट्टा, सगळं वेगळ्या कप्प्यात किंवा वेगळ्या पिशवीत. सुटं माउथपीस प्रवासभर कीजवर आपटत राहतं. माझ्या केसमध्ये कप्पा लहान पडला, म्हणून मान मोज्यात घालून वेगळी नेतो.

आपल्या उन्हाचं काय?

सॅक्सचे पॅड म्हणजे फेल्टवर ताणलेलं पातळ कातडं. ते कीजच्या वाटीत बसवायला पूर्वीपासून लाख वापरतात. हो, आपल्या पळसावर, कुसुमावर, बोरीवर होते तीच लाख. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात जी गोळा करतात, ती जगभरच्या वाद्यांत बसलेली असते. लाख साधारण ७५ अंशांच्या आसपास वितळते आणि त्याआधीच मऊ होऊ लागते. पॅड मऊ लाखेवर सरकला की तो भोकावर नीट बसत नाही.

चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. सावलीत ४५च्या वर. काचा बंद करून उन्हात उभ्या गाडीत तापमान त्याहून कितीतरी जास्त, आणि केस काळी असेल तर अजून. म्हणून केस कितीही चांगली असली तरी उन्हातल्या गाडीत ठेवायची नाही. पावसाळ्यात उलट: वाजवून झाल्यावर आतून कापड फिरवा, ओलं कापड मात्र केसमध्ये ठेवू नका. बंद केसमध्ये ओल कुठेही जात नाही.

शेवटी काय झालं?

लग्नाच्या नऊ दिवस आधी सॅक्स घरी आला. केस मी अंगणात खाटेवर ठेवली. आबाजींनी बाहेरून बघितलीही नाही. उघडली, सॅक्स काढला, आणि आधी रिकाम्या केसमध्ये हात फिरवला. चारही आधारांवर बोटं ठेवून पाहिली. काही बोलले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ बरोबर आहे असा होतो.

मग त्यांनी सगळ्यात खालचा सूर लावला. सॅक्सवर हा सूर यायला वरपासून खालपर्यंत सगळी भोकं बंद व्हावी लागतात. एक जरी पॅड गळत असेल तर तो येत नाही, नुसता थरथरतो. माझ्या गुडघ्याने वाकवलेली की त्याच सुराची. पहिल्यांदा हवाच आली. दुसऱ्यांदा सूर लागला, जाड आणि थोडा खरखरीत. शेजारच्या घरातली पोरं कुंपणाशी आली.

लग्नात त्यांनी एक म्हणता म्हणता तीन गाणी वाजवली. मध्ये दम लागला तेव्हा खुर्चीवर बसले, पण सॅक्स खाली ठेवला नाही. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “पेटीत ठेव.” ठेवला. दोन बोटांनी झाकण लावलं.

तर मंडळी, घरात माळ्यावर असं काही वाद्य असेल, तर या रविवारी खाली काढा. केस ऑर्डर करू नका, आधी नुसतं मोजा. बेलच्या कीज डावीकडे की उजवीकडे, एवढं जरी मला व्हॉइस नोटवर सांगितलंत तरी पुढचं आपण मिळून बघू. आणि घरात कुणी जुना बॅण्डवाला असेल, तर त्यांना विचारा त्यांच्या काळात पेटी कोण करायचं. पुढच्या भागात त्या सुतारांबद्दल बोलायचं आहे.

भेटू. काळजी घ्या, आणि कणीक वाया घालवू नका, आमच्याकडे तिच्या नंतर पोळ्याच झाल्या.